मूल घरी आणण्याआधी: सोलापुरात बालसंगोपन आणि प्रतिपालकत्वाची वाट, क्रमाने

मूल आधी घरात, कागद नंतर. आपल्याकडे बहुतेक घरांचा क्रम हाच असतो आणि पुढच्या अडचणीही याच क्रमातून निघतात. बहीण गेली, दाजी दारूत बुडाले, भाचरं मामाकडे आली, सहा महिन्यांनी शाळा पालकाची सही मागते, बँक खातं उघडत नाही, आणि एक दिवस दाजी दारात उभे राहून म्हणतात, "पोरं माझी आहेत, घेऊन चाललो." मामाच्या हातात असतो तो नोटरी केलेला स्टॅम्पपेपर. त्या कागदाला कायद्यात काडीची किंमत नाही. स्टॅम्पपेपरवर मूल देता येत नाही, घेताही येत नाही. पैसे देऊन-घेऊन तसा व्यवहार झाला असेल तर तो गुन्हा आहे.

खालचा क्रम सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या घरांसाठी लिहिला आहे. टप्पे उलटसुलट करू नका.

टप्पा 1: आपली वाट कोणती ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. लोक चुकीचा अर्ज भरतात, तो महिनोन्महिने पडून राहतो आणि मग कुणीतरी सांगतं की तुमचा विषयच वेगळा आहे.

आई किंवा वडील यांपैकी एक जण आहे, पण दुसरा वारला, सोडून गेला, तुरुंगात आहे किंवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळला आहे, तर तुमची वाट बालसंगोपनाची. राज्य शासनाच्या या योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना म्हणतात. 2023 पासून तिची रक्कम दरमहा 2250 रुपये आहे, आधी 1100 होती. दोन्ही पालक गेले आणि मूल आजी, काका, मामा यांच्याकडे आहे, तरीही हीच वाट खुली असते.

दुसरी वाट केंद्राच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वाची, दरमहा 4000 रुपये. नातेवाइकांकडे राहणारं मूलही त्यात बसतं. इथे उत्पन्नाची मर्यादा आहे: ग्रामीण भागात वर्षाला 72,000 रुपये, इतरत्र 96,000. एकाच मुलासाठी दोन्हीकडे अर्ज ठोकून "जे आधी येईल ते" असं करू नका. जिल्हा बाल संरक्षण कक्षात (मुलांच्या योजना बघणारं जिल्ह्याचं सरकारी कार्यालय, पुढे नुसतं कक्ष) विचारून एक ठरवा.

मुलाशी तुमचं नातं नाही आणि ते तुम्हाला काही काळ आपल्या घरात वाढवायचं आहे, तर त्याला प्रतिपालकत्व म्हणतात. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 44 त्यासाठी आहे. 2024 च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार अर्जदाराचं लग्न झालेलंच असलं पाहिजे अशी अट राहिलेली नाही. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी दोन्ही सांभाळू शकते, एकट्या पुरुषाकडे मात्र फक्त मुलगा दिला जातो. जोडप्याचा संसार किमान दोन वर्षं स्थिर हवा. दिली जाणारी मुलं सहा वर्षांवरची असतात, आणि बहुतेक आधी बालगृहात राहिलेली.

मूल कायमचं, तुमच्या नावावर हवं असेल तर ते दत्तक. त्याची नोंदणी वेगळी, यादी वेगळी, आदेश वेगळा.

> सावधान: दत्तकाची रांग लांब आहे म्हणून मागच्या दाराने प्रतिपालकत्वात शिरू नका. ज्या मुलाला दत्तक घर मिळण्यासारखं आहे, ते दीर्घ मुदतीच्या प्रतिपालकत्वात दिलंच जात नाही. दोन वर्षं सांभाळल्यावर (पूर्वी पाच) दत्तकासाठी अर्ज करता येतो हे खरं, पण मूल कायद्याने मोकळं झालेलं असेल तरच. ज्याची आई अजून भेटायला येते ते मूल मोकळं नसतं.

टप्पा 2: बाल कल्याण समितीसमोर जा

बालसंगोपन आणि प्रतिपालकत्वाच्या वाटेवर मुलाचा ताबा कुणाकडे द्यायचा हे ठरवते बाल कल्याण समिती. एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि समितीला न्यायदंडाधिकाऱ्यांच्या खंडपीठासारखे अधिकार असतात. सरपंच, नगरसेवक, पोलीस पाटील, ठाण्याचे साहेब, समाजाची पंचकमिटी यांपैकी कुणाच्याही पत्राने ताबा मिळत नाही. पत्र जोडायचं तर जोडा, बिघडत नाही.

मूल सापडलेलं असेल, म्हणजे सोलापूर स्टेशनवर, पंढरपुरात आषाढीच्या गर्दीत किंवा गड्ड्याच्या यात्रेत, तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा जवळच्या ठाण्यात कळवा. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत ते समितीसमोर हजर व्हायला हवं. "दोन दिवस ठेवून बघू, कुणी आलं तर देऊ" हा दयाळूपणा अंगाशी येतो: न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

नात्यातलं मूल आधीच घरात असेल तर साध्या कागदावर अर्ज लिहा. मूल कधीपासून आणि का आपल्याकडे आहे, आईवडील सध्या कुठे आहेत, शेवटचा संपर्क कधी झाला, एवढं पुरे. चार पानी कहाणी नको आणि दाजींना शिव्या तर नकोतच. त्या ओळी नंतर मुलाच्या फाईलमध्ये राहतात. चौकशी होईपर्यंत मूल आपल्याकडेच ठेवावं अशी विनंती त्याच अर्जात करा, नाहीतर तोपर्यंत त्याला बालगृहात पाठवलं जाऊ शकतं. सामाजिक चौकशी 15 दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत, असं कायदा सांगतो. व्यवहारात तारखा पुढे जातात, म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. शिक्का आणि तारीख दोन्ही.

समिती मुलाशी एकटीने बोलते. त्याला आदल्या रात्री पढवू नका. आठ वर्षांचं पोर "माझ्या सर्वांगीण विकासासाठी" असं बोलू लागलं की समोरच्याला सगळं कळतं. पूर्व भागातल्या तेलुगू घरातलं, अक्कलकोटकडच्या कन्नड घरातलं किंवा तांड्यावरचं मूल मराठीत अडखळत असेल, तर ते आधीच सांगा आणि त्याची भाषा येणारी व्यक्ती मागा. हे सांगायचं राहून जातं, आणि मग मुलाची गप्प बसण्याची नोंद "उत्तर देत नाही" अशी होते.

तारखांचं एक. आईवडील ऊसतोडीला जाणारे असतील तर दिवाळीनंतर मार्चपर्यंत ते हाती लागत नाहीत. त्यांची संमती किंवा हजेरी लागणार असेल तर टोळी निघण्याआधीची तारीख मागा. आषाढीच्या आधीचे पंधरा दिवस जिल्ह्याचं निम्मं प्रशासन वारीच्या कामाला जुंपलेलं असतं, तेव्हा कामं नेटाने होतील अशी आशा धरू नका.

टप्पा 3: कागद, आणि त्यावरची नावं

यादी लांब नाही: मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड, पालकाचा मृत्युदाखला (किंवा जे कारण असेल त्याचा पुरावा), तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, रेशनकार्ड, बँक पासबुक, मुलाचा आणि कुटुंबाचा फोटो. प्रतिपालकत्वासाठी यात भर पडते ती घरातल्या मोठ्यांचे वैद्यकीय दाखले, पोलिसांची चारित्र्य पडताळणी आणि ओळखीच्या दोघांचे संदर्भ यांची.

अर्ज अडतात ते कागद नसल्याने कमी, आणि कागद एकमेकांशी न जुळल्याने जास्त. सोलापुरात याचं खास कारण आहे. तेलुगू घरांत आडनाव आधी लिहिण्याची पद्धत, शाळेत गुरुजींनी लिहिलेलं मराठी वळणाचं नाव आणि आधारवर इंग्रजीतून उलटं मराठीत आलेलं तिसरंच नाव. मृत्युदाखल्यावर "नरसय्या", मुलाच्या बोनाफाईडवर वडील "नरसिंग", आधारवर "नर्सय्या". माणूस एक, कागदावर तीन. टेबलापलीकडचा लिपिक याला तीन माणसंच समजणार.

म्हणून अर्जाआधी सगळे कागद जमिनीवर शेजारी शेजारी मांडा आणि मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख या चारच गोष्टी एकेका कागदावर बोट ठेवून वाचा. जिथे फरक दिसेल तिथे आधी शाळेची नोंद आणि जन्मदाखला बघा, मग आधार दुरुस्त करा. आधी आधार बदलून मग शाळेत गेलात तर तेच काम दोनदा करावं लागतं.

मृत्युदाखला मृत्यू जिथे झाला तिथलाच मिळतो. बाप मोहोळचा असला तरी पुण्याच्या दवाखान्यात गेला असेल तर दाखला पुण्याचा. कलबुर्गीला किंवा हैदराबादला गेला असेल तर तिकडचा. गावच्या ग्रामपंचायतीत चकरा मारून उपयोग नाही.

बाप मेलेला नाही, नुसता गेला आहे, अशा घरांत सगळ्यात जास्त गोंधळ. "सोडून गेला" हे तोंडी चालत नाही. पोलिसांत बेपत्ताची नोंद, पोटगीच्या दाव्याचे कागद, फारकत असेल तर कोर्टाचा हुकूम, यांतलं काहीतरी लागतं. बापाला मृत दाखवणारं प्रतिज्ञापत्र मात्र कुणी कितीही सुचवलं तरी करू नका. तो परत आला की अर्ज तर जाईलच, वर खोट्या शपथेचं प्रकरण मागे लागेल.

> तपासा: उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत साधारण 31 मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला एप्रिलच्या अर्जाला जोडला की तो परत येतो. मुलाचं आधार पाच आणि पंधरा वर्षांच्या टप्प्यावर बायोमेट्रिकने अद्ययावत केलेलं आहे ना? खातं आधारला जोडलेलं आहे ना? नसेल तर मंजुरी येऊनही पैसे येत नाहीत.

टप्पा 4: गृहभेट

सामाजिक कार्यकर्ता किंवा संरक्षण अधिकारी घरी येतो आणि अहवाल लिहितो. यासाठी लोक घराला चुना काढतात, शेजारचा फ्रीज आणून ठेवतात, दारू पिणाऱ्या दिराला त्या दिवशी गावी पाठवतात. फ्रीजने कुणाचं काही बिघडत नाही, पण दीर लपवला तर बिघडतं. घरात राहणारा प्रत्येक मोठा माणूस अहवालात यायला हवा, कारण मूल त्या प्रत्येकाबरोबर राहणार आहे.

घर लहान आहे म्हणून नाकारतील ही भीती काढून टाका. विडी घरकुलातलं घर असो नाहीतर चाळीतली एक खोली, विचारलं जातं ते हे: मूल झोपणार कुठे आणि कुणाशेजारी? संडास कुठे आहे, रात्री तिथवर कसं जायचं? मोठी माणसं कारखान्यात असताना घरात कोण असतं? मुलगी असेल तर या प्रश्नांची उत्तरं आणखी नेमकी लागतात. ती आधी घरात बसून ठरवा, समोरच्याने विचारल्यावर नव्हे.

आईच्या मांडीवर विड्यांचं सूप असणं हा गुन्हा नाही. आणलेल्या पोरीला तिथे पानं कापायला बसवलेलं दिसलं, किंवा पोराला मागावर हाताखाली घेतलेलं दिसलं, तर तो अहवाल तिथेच संपतो. "आमची पोरं पण करतात की" हे उत्तर त्यावर चालत नाही.

तुमच्या स्वतःच्या मुलांनाही विचारलं जाईल, आणि विचारायलाच हवं. माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. ताट, पांघरूण, आईचा वेळ, अभ्यासाचा कोपरा हे सगळं वाटून घ्यायचं असतं पोरांना, आणि त्यांना ही गोष्ट बहुधा मूल दारात आल्यावर कळते.

टप्पा 5: आदेश वाचा, मगच शाळा आणि बँक

आदेश मिळाला की घडी घालून कपाटात टाकू नका. मुलाचं आणि तुमचं नाव बरोबर आहे का, मुदत किती, आईवडिलांच्या भेटीबद्दल काय लिहिलं आहे, भावंडं असतील तर ती एकत्र ठेवली आहेत का, हे वाचा. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावं असं कायदाच म्हणतो. आदेशात एकाचंच नाव असेल तर तिथल्या तिथे विचारा.

मूळ प्रत घरी ठेवा, झेरॉक्स शाळेला आणि बँकेला द्या.

> सावधान: मुलाचं आडनाव बदलू नका. शाळेत "वडील" या रकान्यात मामाचं नाव घालू नका. रेशनकार्डात मुलगा म्हणून चढवू नका. जातीच्या दाखल्यापासून वारसापर्यंत पुढचं सगळं मुलाच्या जन्मदात्या घराच्या नावावर उभं असतं. ते नाव पुसलं की वडिलांच्या शेताच्या उताऱ्यावर नोंद लावताना हेच मूल सिद्ध करत बसतं की ते त्यांचं आहे.

टप्पा 6: पहिले काही आठवडे

कागदाचं काम इथे बरंचसं संपतं. खरी कसोटी आता लागते, आणि घरं मोडतात तीही याच काळात.

सुरुवातीला मूल फार शहाण्यासारखं वागतं. सांगाल ते ऐकतं, ताट चाटूनपुसून संपवतं, स्वतःचे कपडे धुतं. पाहुणे म्हणतात, किती गुणी पोर आहे. मग ते सैल होतं: अंथरूण ओलं होतं, उशीखाली भाकरीचा तुकडा सापडतो, शाळेतून पेन्सिली येतात, क्षुल्लक कारणावरून आरडाओरड. घरच्यांना वाटतं मूल बिघडलं. बहुतेक वेळा उलटं असतं, त्याला आता इथे चुकायची भीती उरलेली नसते. भाकरी लपवणारं मूल उपाशी राहिलेलं असतं. त्याला "चोर" म्हणू नका. एक डबा त्याच्या हाताला येईल असा ठेवा, त्यात शेंगदाणे, गूळ, कडक भाकरी घाला, आणि तो त्याचा आहे असं सगळ्यांदेखत सांगा. हळूहळू डबा भरलेलाच राहू लागतो.

"आई म्हण" असा आग्रह नको. मामी, काकू, मावशी, जे तोंडात बसेल ते. काही मुलं आपणहून आई म्हणतात, आणि खरी आई भेटून गेल्यावर आठवडाभर थांबतात. त्याचा राग धरू नका.

"आता तू कायमचा इथेच" हे वाक्य तर टाळाच. आदेश मुदतीचा असतो. जे तुमच्या हातात नाही ते मुलाला देऊ नका.

झोप महिनोन्महिने लागत नसेल, मूल स्वतःला इजा करत असेल किंवा अंगाला हात लावला की दचकत असेल, तर बाल संरक्षण कक्षाकडे समुपदेशन मागा. भगताकडे नेणं, उतारा टाकणं यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

टप्पा 7: जन्मदात्या आईवडिलांच्या भेटी

समितीने कारण नोंदवून मनाई केली नसेल, तर आईवडिलांना ठरावीक काळाने भेटता येतं. सांभाळणाऱ्या घराला हे जड जातं. ज्या माणसाने पोरांना सोडलं तो खाऊचा पुडा घेऊन येतो, दोन तास लाड करतो आणि जातो. मागचा ताप आपण काढायचा. ही तक्रार खरी आहे. तरीही भेट मोडू नका. आईला घर परत सावरायचं असेल तर पोराचं तोंड दिसत राहणं हाच तिचा मोठा आधार असतो, आणि मुलाला निदान एवढं कळतं की आपल्याला टाकून दिलेलं नाही.

भेटीची जागा आणि वेळ ठरलेली असू द्या. यात्रेची किंवा लग्नाची गर्दी नको, दारू प्यायलेल्या बापाला भेट नको. तसं झालं तर भांडत बसू नका, त्याच दिवशी लिहून कक्षाला कळवा. भेटीआधी मुलाचं पोट दुखतं, नंतर ते दोन दिवस चिडकं असतं. हे एका वहीत तारखेनिशी टिपत जा. पुढे समितीसमोर "मूल भेटीनंतर बिघडतं" हे नुसतं तोंडी सांगण्यापेक्षा वही जास्त बोलते, आणि कधी कधी ती वही आपल्यालाच दाखवते की त्रास भेटीने नव्हे, भेट चुकल्याने होतो आहे.

बापाबद्दल घरात काय बोललं जातं याकडेही लक्ष असू द्या. मूल झोपलंय असं समजून बोललेलं ते ऐकत असतं.

टप्पा 8: पैसे आणि तपासणी

रक्कम दर महिन्याला बिनचूक येईल असं धरून उसनवारी करू नका. अनुदान साचून येतं. आलेलं पासबुकात भरून घ्या आणि खर्चाच्या पावत्या जपा: वह्या, गणवेश, दवाखाना. हे पैसे मुलाचे. त्यातून घराचा हप्ता गेला तर तपासणीत उत्तर देता येत नाही.

प्रतिपालक घराची तपासणी दर महिन्याला व्हावी अशी कायद्यात तरतूद आहे. कुणी आलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, आपणच कक्षात जाऊन तोंड दाखवा. दर जूनमध्ये नवा बोनाफाईड द्या. घर बदललं, मूल आजारी पडलं, शाळा सुटली, आई परत आली, यांतलं काहीही घडलं तर आधी कळवा.

टप्पा 9: मूल परत जाताना, किंवा जमत नसताना

आईची तब्येत सुधारली, बाप सुटून आला, आजीने घर घेतलं, तर मूल परत जाऊ शकतं. तेही समितीच्या आदेशानेच. आई स्वतः न्यायला आली तरी "जा बाई घेऊन" म्हणून पाठवू नका, कारण आदेशावर जबाबदारी अजून तुमची आहे. शाळेचं वर्ष मध्येच तुटू नये म्हणून मे महिन्यातली तारीख मागा.

कधी खरंच जमत नाही. घरात आजारपण येतं, स्वतःची मुलं कोमेजतात, मूल हाताबाहेर जातं. अशा वेळी ते बार्शीच्या मावशीकडे, मग करमाळ्याच्या चुलत्याकडे, असं ढकलू नका. प्रत्येक ढकलण्याने मूल आणखी घट्ट मिटतं. समितीकडे जाऊन स्पष्ट सांगा: आम्हाला मदत हवी, किंवा आम्ही थांबतो. यात कमीपणा नाही.

जाताना मुलाबरोबर हे द्या: शाळेचा दाखला आणि गुणपत्रकं, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचे कागद, आधारची मूळ प्रत, पासबुक, त्याचे फोटो, तुमचा फोन नंबर. या सगळ्याची यादी दोन प्रतींत करा आणि एकीवर नेणाऱ्याची सही घ्या. कपडे पिशवीत द्या, प्लास्टिकच्या पोत्यात नको. तुमच्या नावावर येणारं अनुदान थांबवण्याचा अर्ज त्याच आठवड्यात कक्षात द्या, नाहीतर पुढे आलेली रक्कम परत भरावी लागेल.